बोली ही शेवटची पायरी : ऑनलाइन लिलावात बनावट स्नीकर्स टाळण्याची क्रमवार पद्धत

लिलावात स्नीकर्स घेऊन फसलेल्या माणसाला ‘तपासणी केली होती का’ असे विचारले, तर उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते. तपासणी केलेली असते, पण ती बोली जिंकल्यावर, पैसे भरल्यावर आणि कधी कधी बूट आठवडाभर पायांत वापरून झाल्यावर. टाके कसे पाहावेत, लेबल कसे वाचावे याची माहिती आता कोणालाही मिळते. चुकतो तो क्रम. म्हणून या लेखात कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या आधी करायची, यावर अधिक भर दिला आहे.

उदाहरणासाठी ईबे हे संकेतस्थळ घेतले आहे. भारतातील ईबे डॉट इन २०१८ मध्ये बंद झाल्यापासून पुण्या-नाशिकहून बोली लावणारे बहुतेक जण अमेरिकेच्या संकेतस्थळावरच जातात आणि पत्ता न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या एखाद्या नातेवाइकाचा देतात. बूट म्हणून नायकीचा एअर जॉर्डन १ ‘लॉस्ट अँड फाउंड’ हा जोड घेतला आहे, कारण त्याच्या नकला भरपूर आहेत आणि त्याच्या काही खऱ्या वैशिष्ट्यांमुळेच नवखा माणूस गोंधळतो.

सुरुवातीलाच एक नियम लक्षात घ्यावा. तपासणीतून बूट खोटा आहे हे ठरवता येते, खरा आहे हे ठरवता येत नाही. नक्कल करणारा माणूस खऱ्या खोक्यावरचे लेबल जसेच्या तसे छापतो. त्यामुळे कोड जुळला, बारकोड जुळला, रंगाचे नाव जुळले, तरी त्यातून सिद्ध काहीच होत नाही. मात्र यांपैकी एक जरी गोष्ट जुळली नाही आणि तिचा पटण्याजोगा खुलासा मिळाला नाही, तर तो जोड सोडण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. सर्व तपासण्या पार पडल्या, तर फक्त बोली लावायला हरकत नाही, इतकाच त्याचा अर्थ. उरलेल्या शंकेसाठी पैसे परत मिळण्याची वाट आधीच मोकळी ठेवावी लागते.

## १. एकच बूट ठरवावा आणि त्याचे टिपण करावे

‘एखादा चांगला जॉर्डन मिळाला तर पाहू’ अशा विचाराने लिलाव चाळत बसणे ही पहिली चूक. बूट ठरलेला नसेल, तर तुलना कशाशी करायची हेच ठरत नाही. आधी मॉडेल, रंग आणि माप पक्के करावे आणि मग वहीत किंवा फोनमध्ये पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे शैली-कोड. नायकीचा कोड सहा अक्षरांकांचा, मग आडवी रेघ आणि पुढे रंगाचे तीन अंक असा असतो. आपल्या उदाहरणातील जोडाचा कोड डीझेड५४८५-६१२ आहे. नायकीच्याच, सर्वत्र दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्या ‘पांडा’ डंक लो या बुटाचा डीडी१३९१-१०० आहे. आदिदासची पद्धत निराळी. पांढऱ्या सांबा ओजीचा कोड बी७५८०६ असा सलग येतो. मुलांच्या मापाच्या बुटांना मोठ्यांच्या जोडापेक्षा वेगळा कोड असतो, हे विसरल्यामुळे खरा जोडही खोटा वाटू शकतो.

दुसरी गोष्ट बाजारात आल्याची तारीख आणि मूळ किंमत. ‘लॉस्ट अँड फाउंड’ १९ नोव्हेंबर २०२२ रोजी १८० डॉलरला आला.

तिसरी गोष्ट माप. आपल्याकडे दुकानदार ‘आठ नंबर’ म्हणतो तेव्हा तो ब्रिटिश आकडा असतो. अमेरिकन संकेतस्थळावर तोच पुरुषांचा ९ होतो. नायकीच्या पुरुषांच्या बुटांवर अमेरिकन ९, ब्रिटिश ८, युरोपीय ४२.५ आणि २७ सेंटिमीटर हे चार आकडे एकत्र येतात. आपल्या मापाची ही ओळ लिहून ठेवावी. ती पुढे पाचव्या टप्प्यात लागणार आहे.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे त्या विशिष्ट जोडाच्या खास खुणा. ‘लॉस्ट अँड फाउंड’ जुन्या दुकानाच्या अडगळीत सापडल्यासारखा दिसावा, अशी त्याची कल्पना आहे. त्यामुळे घोट्याजवळच्या काळ्या चामड्यावर मुद्दाम पाडलेल्या भेगा असतात, मधला तळ पिवळट असतो आणि खोकेही जुनाट दिसते. हे माहीत नसलेला माणूस भेगा पाहून बूट वापरलेला समजतो आणि स्वच्छ, गुळगुळीत कॉलर (घोट्याभोवतीचा भाग) असलेली नक्कल पाहून ‘हा मात्र अगदी नवा’ म्हणून खूश होतो.

इशारा : मोठ्यांच्या मापाच्या या जोडाबरोबर जुन्या दुकानाच्या पावतीसारखा एक कागद येतो. तो सजावटीचा भाग आहे, खरेदीचे बिल नव्हे. ‘मूळ पावतीसह’ असे लिहून कोणी त्याच कागदाचा फोटो दाखवत असेल, तर त्याने पुरावा म्हणून काहीही दाखवलेले नाही.

## २. बाजारभाव पाहून कमाल रक्कम लिहून ठेवावी

ईबेवर शोध घेताना ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ ही गाळणी लावली, की गेल्या ९० दिवसांत तोच बूट प्रत्यक्षात किती रकमेला गेला हे दिसते. लोक मागतात ती किंमत पाहू नये, मिळालेली पाहावी. त्यातही आपले माप, नवा की वापरलेला, आणि खोक्यासह की खोक्याविना, अशा नोंदी वेगळ्या काढाव्यात. टोकाचे आकडे सोडून मधला भाव धरावा. त्यातून पाठवणी आणि तेथील विक्रीकर वजा करावा, थेट भारतात मागवत असाल तर सीमाशुल्कही वजा करावे, आणि जी रक्कम उरेल ती आपली कमाल बोली.

येथे लिलावाचा एक डाव समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. ठरावीक किमतीच्या विक्रीत फसवणाऱ्याला स्वतः किंमत लिहावी लागते, आणि लालूच दाखवायची म्हणून तो ती कमी लिहितो. ती कमी किंमतच त्याची चुगली करते. लिलावात तसे होत नाही. ९९ सेंटपासून सुरू झालेला बनावट जोडही बोली लावणारेच ओढत ओढत बाजारभावापर्यंत नेतात. ‘इतक्या लोकांनी बोली लावली म्हणजे बूट खरा असणार’ असे आपण मानतो, आणि बाकीचे सगळे आपल्याकडे पाहून तेच मानत असतात. लिलावात कमी सुरुवातीची किंमत दोष नाही, आणि जास्त शेवटची किंमत गुण नाही. भाव हा खरेपणाचा पुरावा म्हणून येथे वापरूच नये.

## ३. विक्रेत्याचा इतिहास वाचावा

नावापुढची शंभर टक्क्यांची पाटी पाहून पुढे जाऊ नये. ईबेवर २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराविषयी वाईट अभिप्राय देता येत नाही. म्हणजे एखाद्याने दोनशे किरकोळ वस्तू विकत घेतल्या असतील, तर त्याचा अभिप्राय आपोआप निर्मळ दिसतो. म्हणून ‘विक्रेता म्हणून’ मिळालेले अभिप्राय वेगळे काढून पाहावेत, त्यातही आधी वाईट आणि तटस्थ वाचावेत. चांगले अभिप्राय ‘झकास, लवकर आले’ एवढेच सांगतात. वाईट अभिप्रायात माहिती असते.

मग पुढील प्रश्नांची उत्तरे शोधावीत. हा माणूस आधी काय विकत होता? मोबाइलची आवरणे आणि चाव्यांचे गुच्छ विकणाऱ्या खात्यावर अचानक आठ महागडे जॉर्डन दिसले, तर खाते विकले गेले असावे किंवा कोणी बळकावले असावे. मधे दोन-तीन वर्षे खाते झोपलेले होते का? दुर्मीळ म्हणवला जाणारा एकच बूट त्याच्याकडे सात ते बारापर्यंतच्या सर्व मापांत आहे का? आपल्या संग्रहातला एखादा जोड विकणाऱ्याकडे त्याच्या स्वतःच्या मापाचे बूट असतात. सगळी मापे भरलेली असतील, तर तो माल आहे, आणि तो कोठून आला हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

तपासणी : वस्तू कोठून पाठवली जाणार आणि खाते कोठे नोंदलेले आहे, ही दोन्ही ठिकाणे जुळतात का ते पाहावे. न जुळणे हा गुन्हा नाही, पण विचारण्याजोगा प्रश्न आहे.

## ४. वर्णनातले शब्द

हा टप्पा दोन मिनिटांचा आहे, पण वगळू नये. मुंबईच्या फुटपाथवर ‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’ असे सरळ सांगतात. लिलावात तेच शब्द वेश बदलून येतात. ‘यूए’ (अनऑथराइज्ड ऑथेंटिक, म्हणजे ‘विनापरवाना अस्सल’), ‘कारखान्यातील शिल्लक माल’, ‘कारखान्यातील वेगळी आवृत्ती’, ‘बाजारात येण्याआधीचा जोड’, ‘अस्सलाच्या तोडीचा’ असे काही आढळले, तर पुढे वाचू नये. ‘फोटो पाहून स्वतःच ठरवा, मी तज्ज्ञ नाही, माल परत घेतला जाणार नाही’ अशा वाक्यांतून विक्रेता आधीच हात झटकून ठेवत असतो. त्याने असे लिहिले तरी ईबेच्या पैसे-परती हमीतून तो सुटत नाही. वस्तू वर्णनाशी जुळली नाही, तर ‘परत घेणार नाही’ ही अट लागू पडत नाही. तरीही अशा माणसाशी व्यवहार करण्याचे कारण मला तरी कधी सापडलेले नाही.

## ५. फोटो मागवावेत, आणि मगच वाचावेत

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. लिलाव संपायला किमान दोन दिवस शिल्लक असताना विक्रेत्याला संकेतस्थळाच्या संदेशपेटीतूनच लिहावे. ईबेवरचे लिलाव एक, तीन, पाच, सात किंवा दहा दिवसांचे असतात. एका दिवसाच्या लिलावात फोटो मागवायला वेळच उरत नाही, म्हणून महागड्या जोडासाठी असे लिलाव मी सोडून देतो.

संदेश लहान आणि सभ्य असावा. आशय असा ठेवावा : ‘मला या जोडात रस आहे. एका कागदावर आपले खातेनाव आणि आजची तारीख हाताने लिहून, तो कागद बुटाशेजारी ठेवून कृपया पुढील फोटो पाठवावेत.’ मग यादी द्यावी : दोन्ही बूट बाहेरच्या बाजूने, आतल्या बाजूने, मागून टाचेकडून आणि वरून पुढच्या टोकाकडून, तळवे, दोन्ही बुटांच्या आतली मापाची लेबले, खोक्यावरचे लेबल, आणि आतला सुटा तळवा सहज निघत असेल, तर त्याखालची शिवण. तळवा चिकटवलेला असेल, तर तो उचकटून दाखवण्याचा हट्ट धरू नये. नवा जोड कोणीही खराब करणार नाही.

तारखेचा कागद कशासाठी? बनावट जोड विकणारा अनेकदा खऱ्या जोडाचे उचललेले फोटो लावतो आणि पाठवतो दुसरेच. मूळ जाहिरातीतील फोटो गूगल लेन्समध्ये टाकून पाहावेत. तीच सतरंजी, तोच पलंगाचा कोपरा दुसऱ्याच विक्रेत्याच्या पानावर निघाला, तर काम तेथेच संपते. फोटो देण्यास टाळाटाळ, ‘बूट गोदामात आहे’, ‘इतके प्रश्न असतील तर घेऊ नका’ ही उत्तरे नकार समजावीत.

आता फोटो वाचणे. टिपण समोर ठेवून या क्रमाने जावे.

अ) खोक्यावरील लेबल आणि बुटाच्या आतले लेबल. काही मॉडेलांत ते जिभेच्या मागे असते, काहींत घोट्याजवळच्या अस्तरावर. खोक्यावरचा, डाव्या बुटातला आणि उजव्या बुटातला असा कोड तिन्ही ठिकाणी एकच हवा आणि तो टिपणाशी जुळायला हवा. चारही मापे आपण लिहिलेल्या ओळीशी जुळायला हवीत. नक्कल करणारे एकच लेबल घेऊन त्यातला फक्त अमेरिकन आकडा बदलतात, त्यामुळे ‘अमेरिकन १०, युरोपीय ४२.५’ अशी विसंगती निघते. १० ला ४४ हवे.

आ) तारखा. नायकीच्या आतल्या लेबलवर उत्पादनाच्या कालावधीच्या दोन तारखा असतात. त्या अमेरिकन पद्धतीने, म्हणजे आधी महिना मग दिवस अशा वाचाव्यात. आपल्या सवयीने वाचल्यास १३वा महिना निघून उगाच घाबरायला होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये बाजारात आलेल्या बुटावर त्यानंतरची तारीख दिसली, तर खुलासा मागावा.

इ) आदिदासच्या बाबतीत उलट तपासणी. त्यांच्या बुटांच्या आतल्या लेबलवर प्रत्येक बुटाचा स्वतंत्र क्रमांक असतो, म्हणून डाव्या आणि उजव्या बुटाचा क्रमांक वेगळा असला पाहिजे. दोन्हींवर एकच क्रमांक म्हणजे एकाच लेबलची छपाई दोनदा झाली. नायकीची सवय झालेला माणूस येथे हमखास चुकतो आणि ‘दोन्ही जुळतात’ म्हणून निश्चिंत होतो.

ई) आकार. एअर जॉर्डन १ हाय मागून पाहिला, तर टाचेचा भाग वर रुंद, मध्ये आत गेलेला आणि खाली पुन्हा रुंद, म्हणजे डमरूसारखा दिसतो. अनेक नकलांत तो पत्र्याच्या डब्यासारखा सरळ असतो. लेबल छापायला एक चांगले यंत्र पुरते. बुटाचा आकार ज्यावर घडतो तो साचा सुधारणे खर्चिक असते. म्हणून आकारातली चूक लेबलच्या चुकीपेक्षा अधिक काळ टिकून राहते, आणि म्हणूनच ती पाहण्याची सवय लावून घ्यावी.

उ) बारीक काम. कॉलरवरचा पंखांचा ठसा, स्वूशचे, म्हणजे नायकीच्या बाकदार चिन्हाचे, टोक कोठे संपते, पुढच्या भागावरील भोके सारख्या अंतरावर आहेत का, टाके एकमेकांवर चढले आहेत का, हे पाहावे. तुलना मात्र त्याच कोडच्या आणि शक्यतो त्याच मापाच्या खात्रीच्या जोडाशी करावी. ७ नंबरच्या बुटाचा फोटो १२ नंबरच्या बुटाशी ताडला, तर अंतरे वेगळी दिसणारच.

इशारा : गोंदाचा एखादा डाग किंवा एखादा वाकडा टाका खऱ्या बुटातही असतो. त्यावरून निकाल देऊ नये. कोड, मापांची ओळ आणि आकार ही तीन निर्णायक कारणे मानावीत. गोंद, वास आणि टिश्यू पेपरची घडी ही दुय्यम.

## ६. परतीची वाट आधी आखावी

बोली लावण्यापूर्वीच ‘बूट खोटा निघाला तर पैसे कसे परत येतील’ याचे उत्तर लिहिता आले पाहिजे. लिहिता येत नसेल, तर बोली लावू नये.

लिलावाच्या पानावर ‘अस्सलपणाची हमी’ हे चिन्ह आहे का ते पाहावे. अमेरिकेत ईबेने स्नीकर्ससाठी ही सोय २०२० मध्ये सुरू केली. तीत विक्रेता बूट थेट आपल्याला न पाठवता पडताळणी केंद्राला पाठवतो, तेथे तो तपासला जातो, त्याला खुणेचा टॅग लावला जातो आणि मग तो आपल्याकडे येतो. प्रत्येक जोडाला ही सोय लागू नसते, म्हणून चिन्ह त्या विशिष्ट पानावर असले पाहिजे. ‘ईबेवर असतेच’ असे धरू नये. अशी पडताळणी मोठा आधार आहे, पण अंतिम शब्द नव्हे. २०२२ मध्ये नायकीने स्टॉकएक्स या पडताळणी करूनच विकणाऱ्या संकेतस्थळावर, तेथून बनावट जोड विकले गेल्याचा आरोप न्यायालयात केला होता. मानवी डोळे चुकतात, एवढे त्यावरून घ्यावे.

पैसे संकेतस्थळातूनच आणि शक्यतो क्रेडिट कार्डाने भरावेत. ‘बाहेर व्यवहार करू, वीस डॉलर कमी करतो’ असा प्रस्ताव आला, की विक्रेता आपल्याला हमीच्या कुंपणाबाहेर बोलावत असतो. पेपालमध्ये ‘मित्र व कुटुंबीय’ प्रकाराने पाठवलेल्या पैशांना खरेदीचे संरक्षण मिळत नाही; वस्तू-खरेदीच्या प्रकारात वाद नोंदवायला १८० दिवस मिळतात.

मुदतीकडे विशेष लक्ष द्यावे. ईबेची पैसे-परती हमी वस्तू पोहोचल्यापासून ३० दिवसांची आहे, आणि एकदा पोहोचलेली वस्तू पुढे दुसऱ्या पत्त्यावर पाठवली, तर ती हमीबाहेर जाते. परदेशातील नातेवाइकाचा किंवा पुढे पाठवणी करणाऱ्या कंपनीचा पत्ता देणाऱ्यांना हे कलम नेमके आडवे येते.

माझी स्वतःची चूक येथे सांगतो. पुतण्यासाठी एका लिलावात जोड जिंकला आणि पत्ता न्यू जर्सीतल्या मावसभावाचा दिला. खोके त्याच्या कपाटात अडीच महिने तसेच सीलबंद राहिले. दिवाळीला तो पुण्यात आला, फराळ झाला, मग कौतुकाने खोके उघडले. डाव्या बुटाच्या आत लिहिले होते अमेरिकन ९, युरोपीय ४२.५, उजव्या बुटाच्या आत अमेरिकन ९, युरोपीय ४३. पुतण्याने दोन्ही बूट शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा वाचले, मग काही न बोलता खोक्यात ठेवून दिले. विक्रेत्याकडून काही मिळवण्याची मुदत केव्हाच संपली होती. त्यानंतर मी एक नियम केला आहे : ज्याचा पत्ता देतो, त्याला आधी विचारतो, ‘दादा, पार्सल आले की त्याच दिवशी व्हिडिओ कॉलवर उघडशील का?’ उत्तर ‘बघू’ असे आले, तर बोली लावत नाही.

## ७. आता बोली

ईबेवर आपण कमाल रक्कम भरतो आणि यंत्रणा आपल्या वतीने गरजेपुरतीच, टप्प्याटप्प्याने बोली वाढवत नेते. म्हणून लिहून ठेवलेली कमाल रक्कम शेवटच्या काही मिनिटांत एकदाच भरावी आणि पान बंद करावे. लवकर बोली लावण्यात तोटा असा, की ती वाढवण्याचा मोह होतो, आणि विक्रेत्याचाच कोणी माणूस समोरून भाव चढवत असेल, तर त्याला वाव मिळतो.

बोली लावल्यावर ‘आता फोटो मागू’ हे चालत नाही. चुकीची रक्कम टाकली गेली, वस्तूचे वर्णन ठळकपणे बदलले किंवा विक्रेत्याशी संपर्कच होत नाही, अशा मोजक्या कारणांसाठीच बोली मागे घेता येते. मन बदलणे हे त्यात बसत नाही.

इशारा : लिलाव हरल्यावर ‘जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुम्हालाच देतो’ असा ईमेल आला, तर त्यातील दुव्यावर बोट ठेवू नये. खरा प्रस्ताव असेल, तर तो संकेतस्थळावरील आपल्या खात्यातल्या संदेशपेटीत दिसतो.

## ८. पार्सल उघडण्याचा क्रम

दुसऱ्या कोणाच्या हातात फोन द्यावा आणि एकच अखंड व्हिडिओ घ्यावा. आधी न उघडलेल्या पार्सलच्या सहाही बाजू आणि त्यावरचा पाठवणी-क्रमांक, मग पट्टी कापणे, मग खोक्याचे लेबल, मग दोन्ही बूट, मग आतली लेबले. मध्येच व्हिडिओ थांबवून पुन्हा सुरू केला, तर त्याची किंमत निम्म्याने उतरते.

त्यानंतर पाचव्या टप्प्यातील सर्व तपासणी पुन्हा करावी, या वेळी प्रत्यक्ष बुटावर, आणि विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोंशीही ताडून. फोटोतला जोड आणि हातातला जोड एकच आहे का? टाचेवरची एखादी रेघ, चामड्याची एखादी सुरकुती, भेगांची नक्षी यांवरून हे कळते. ‘लॉस्ट अँड फाउंड’च्या बाबतीत हे सोपे जाते, कारण कॉलरवरच्या भेगा प्रत्येक बुटावर निराळ्या पडलेल्या असतात.

समाधान होईपर्यंत बूट घराबाहेर घालू नये. घरातही सतरंजीवर उभे राहून माप पाहावे, फरशीवर चालू नये. पडताळणीचा टॅग लावलेला असेल, तर तो कापू नये. टॅग काढलेला जोड परत घेतला जात नाही, आणि ‘फोटो चांगला यावा म्हणून काढला’ हे कारण कोणी ऐकत नाही.

## ९. खोटा निघाल्यास

त्याच दिवशी संकेतस्थळावर ‘वस्तू वर्णनाशी जुळत नाही’ या सदराखाली परतीची विनंती नोंदवावी. मजकुरात संताप नको. कोणता कोड, कोणते माप, कोठे काय जुळले नाही, हे तीन-चार वाक्यांत लिहून फोटो जोडावेत. विक्रेत्याला उत्तरासाठी तीन कामाचे दिवस मिळतात. तोडगा निघाला नाही, तर ईबेला मध्यस्थी करायला सांगावे. या काळात विक्रेता फोनवर बोलू म्हणाला, तरी सगळा पत्रव्यवहार संदेशपेटीतच ठेवावा. ‘निम्मे पैसे देतो, तक्रार मागे घ्या’ हा प्रस्ताव स्वीकारू नये. तक्रार बंद झाली, की ती पुन्हा उघडता येईलच असे नाही. जोड परत पाठवायचा की ठेवायचा, हे संकेतस्थळ सांगेल त्याप्रमाणेच करावे, आणि पाठवायचा असल्यास मागोवा घेता येणाऱ्या सेवेनेच पाठवावा. तेथे दाद मिळाली नाही, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहारावर हरकत नोंदवता येते.

व्यवहार भारतातील विक्रेत्याशी किंवा संकेतस्थळाशी झाला असेल, तर ई-व्यापाराविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात तिचा निपटारा करणे बंधनकारक आहे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि संकेतस्थळाबाहेर पैसे उकळले गेले असतील, तर विनाविलंब सायबर हेल्पलाइन १९३०.

इशारा : ‘गेलेले पैसे वसूल करू’ म्हणून तो जोड दुसऱ्या कोणाला अस्सल सांगून विकू नये. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाच्या कलम १०४ नुसार खोटे चिन्ह असलेला माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षांचा कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

अभिप्राय पैसे परत आल्यानंतरच लिहावा. त्याची मुदत ६० दिवसांची असते, त्यामुळे घाई नाही. उलट ‘पैसे द्या नाहीतर वाईट अभिप्राय देतो’ अशी धमकी दिल्यास नियमभंग आपलाच ठरतो. लिहिताना शिव्याशाप नकोत. कोड काय होता, कोणत्या लेबलवर कोणता आकडा चुकला, एवढेच लिहावे. तिसऱ्या टप्प्यावर असलेला पुढचा खरेदीदार तेच शोधत असतो.